पंपावर लागलेली होडी

मंगळवार, सकाळचे साडेनऊ. उंबरतरचा धक्का. भरती पुरी चढलेली. धक्क्यावर तिघंजण उभी होती: बंदराच्या कचेरीतून आलेले तपासनीस साहेब, गावचे सरपंच पाष्टे आणि खाडीपलीकडच्या शाळेत शिकवायला जाणाऱ्या आरेकर बाई. साहेबांच्या हातात छापील फॉर्म होता. त्यावर पहिलाच प्रश्न होता, होडी जागेवर आहे काय.

होडी जागेवर नव्हती. ती अकरा किलोमीटर आत, डांबरी रस्त्यावर होती. तिच्या पुढे तीन मोटारसायकली आणि एक रिक्षा होती.

हे असं का झालं ते ऐका.

या उंबरतरला एक भोळा होडीवाला होता. नाव धाकू. त्याच्यात एकच दोष होता. सांगितलेलं तो विसरत नसे. दुसरी माणसं या कानानं ऐकतात आणि त्या कानानं सोडून देतात, म्हणून त्यांचे संसार चालतात. धाकू ऐकायचा, लक्षात ठेवायचा आणि पहिली संधी मिळताच तसं करायचा.

धाकूची होडी खाडीच्या या काठाहून त्या काठाला जायची. होडीला मागे लहानसं पेट्रोलचं इंजिन. दोरी ओढली की सुरू, दहा मिनिटांत पलीकडे. पलीकडे शाळा, दवाखाना, बाजार. होडी नसली तर पुलावरून तेवीस किलोमीटरचा वळसा आणि दोन एसट्या. त्यामुळे धाकू कितीही भोळा असला तरी गाव त्याला सांभाळून होतं.

दरवर्षी पाऊस लागला की धाकू होडी ओढून काढायचा, इंजिन गोणपाटात गुंडाळून पडवीत ठेवायचा. नारळी पौर्णिमेला खाडीला नारळ द्यायचा आणि इंजिनाची दोरी ओढायची. पहिल्या ओढीला सुरू झालं की गाव टाळ्या वाजवायचं. बारा वर्षं असंच चाललं होतं.

या वर्षी नारळ दिला, दोरी ओढली. इंजिन गप्प. चाळीस वेळा ओढली. मग गावातल्या दांडग्या माणसांनी आळीपाळीनं ओढली. शेवटी दोरी तुटली आणि लोक घरी गेले.

धाकू इंजिन खांद्यावर टाकून लतीफभाईंच्या शेडवर गेला. लतीफभाई मुकादम म्हणजे पंचक्रोशीतल्या लहान इंजिनांचे डॉक्टर. शेडमध्ये आधीच रांग होती. अकरा गवत कापायची यंत्रं, चार फवारणीचे पंप आणि मंगल कार्यालयाचा जनरेटर. सगळ्यांना एकच आजार. लतीफभाईंनी धाकूचं इंजिन उघडलं. आत पांढरट गढूळ पाणी. पेट्रोलची रबरी नळी पावसातल्या गांडुळासारखी फुगलेली.

"पेट्रोल बदललंय, धाकू," लतीफभाई म्हणाले. "आता शंभरात वीस भाग मद्यार्क घालतात. उसाचा. तो हवेतलं पाणी पितो. रोज चालणाऱ्या मोटारीला फरक पडत नसेल. तुझं इंजिन अडीच महिने निजतं, तेही खाडीच्या हवेत."

"मग पंपावर जुनं मागायचं."

"जुनं नाही. सगळीकडे हेच. निवड नाही."

"आम्हाला कोणी विचारलं नाही ते."

"तुला कशाला विचारतील? ज्यांनी ठरवलं त्यांनी मोटारी मोजल्या. होड्या मोजल्या नाहीत." लतीफभाईंनी गढूळ पाणी मातीत ओतलं. "आता नीट ऐक. महिन्यावर राहिलेलं फेकून द्यायचं. वास घेत बसायचं नाही, जीव अडकवायचा नाही. सरळ ओतून द्यायचं."

धाकूनं मान डोलावली. सांगितलेलं तो विसरत नसे.

घरी आला. बायको सुगंधा बाजाराला गेली होती. धाकूनं फडताळ उघडलं. आत कैरीचं लोणचं होतं, वैशाखातलं. वैशाख म्हणजे महिन्यावर झालं. त्यानं बरणी परसात उपडी केली. कोकमाचं आगळ होतं, तेही वैशाखातलं. ओतलं. सुकट होती, तिचा वास आपोआप येत होता, पण वास घेत बसायचं नव्हतं. फेकली. फणसाचे पापड जरा हलके होते, ते वाऱ्यावर गेले.

सुगंधा आली तेव्हा परसात गावातली सगळी कुत्री जमलेली होती आणि पाणी पिऊन पिऊन दमली होती.

"हे काय केलंत?"

"महिन्यावर झालं होतं."

सुगंधा पायरीवर बसली. वर्षाचं तोंडीलावणं गेलं होतं. मग एकेक शब्द तोडून बोलली, लहान मुलाशी बोलावं तसं.

"अहो, चांगली वस्तू कशी ठेवतात ते तरी शिका. कोरड्या बरणीत भरायची. तोंडाला फडकं बांधायचं. महिना दीड महिना तिला हातसुद्धा लावायचा नाही. मुरली की मग तिची खरी चव."

"हे मला आधी सांगायला हवं होतंस," धाकू म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

लतीफभाईंनी नवी नळी आणि नवी दोरी घालून इंजिन परत दिलं आणि आपल्या साठ्यातलं पाच लिटर ताजं पेट्रोलही दिलं. चांगली वस्तू होती. धाकूनं ती लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरली, तोंडाला फडकं बांधलं आणि बरणी खिडकीत ठेवली, खाडीच्या वाऱ्यावर. दीड महिना हात लावला नाही.

दीड महिना त्यानं होडी वल्ह्यांनी हाकली. दहा मिनिटांच्या जागी पाऊण तास. ओहोटी असली तर सव्वा तास. आरेकर बाई रोज तिसऱ्या तासाला शाळेत पोचायच्या. पलीकडच्या मुलांचं गणित पहिल्या तासाला असे. त्यांनी बेरीज अर्धी सोडून दिली होती.

"धाकू, इंजिन कधी लावणार?" बाई विचारायच्या.

"मुरतंय, बाई."

बाईंना वाटायचं, काहीतरी यंत्राचं असेल.

दीड महिन्यानं धाकूनं फडकं सोडलं, बरणी घेऊन तो लतीफभाईंकडे गेला. लतीफभाईंनी आत पाहिलं. मग धाकूकडे पाहिलं. मग शेडच्या पत्र्याकडे पाहिलं.

"फडकं कोणी बांधलं?"

"मीच. घट्ट बांधलं होतं."

"पाणी पिणारी वस्तू तू दीड महिना खाडीच्या तोंडाशी उघडी ठेवलीस. वर मोहरीची डाळ तरंगतेय." लतीफभाईंनी डोळे मिटले आणि उघडले. "हे बघ. पाणी जड असतं. मद्यार्काला घेऊन ते तळाशी बसतं. असं कधी दिसलं की तळाचं सगळं ओतून टाकायचं. वरचं तेवढं आपलं. तळाचा मोह धरायचा नाही."

धाकूनं मान डोलावली. लतीफभाईंनी बरणीतलं सगळंच ओतून टाकलं आणि पुन्हा पाच लिटर दिलं, या वेळी पत्र्याच्या डब्यात. "हे शेवटचं," ते म्हणाले. "माझ्याकडे आता नाही."

तेवढ्यात नवरात्र आलं. इंजिन दसऱ्याची पूजा झाल्यावर लावायचं ठरलं. देवळात अष्टमीला गावजेवण. तीनशे पानं. सरपंच पाष्ट्यांनी कामं वाटली. धाकूच्या वाट्याला आमटी आली. पातेलं मोठं होतं, सकाळीच करून ठेवलेलं. धाकूनं झाकण काढून पाहिलं. वर पिवळं पाणी, त्यावर कढीपत्त्याची चार पानं. तळाशी जड असं काही बसलेलं.

या वेळी आपण चुकायचं नाही, असं धाकूनं ठरवलं. त्यानं वरचं नितळ बादल्यांत काढून घेतलं. तळाचं सगळं देवळामागे माडाच्या बुंध्यात ओतलं. मोह धरला नाही.

पंगत बसली. लोकांनी भातावर आमटी घेतली. भात ओला झाला, एवढाच फरक पडला. एका म्हाताऱ्यानं वाटीत बोट बुडवून बघितलं आणि विचारलं, "हे हात धुवायला दिलंय का?"

सरपंच धावत आले. "डाळ कुठाय?"

"तळाशी बसली होती, सरपंच. टाकली."

"आठ किलो डाळ?"

"वरचं तेवढं आपलं."

सरपंचांनी कपाळावर हात मारला. भर पंगतीत शिवी देता येत नव्हती, समोर देवी होती. म्हणून ते दात आवळून म्हणाले, "धाकू, वाढण्याआधी डाव घालून तळापासून ढवळायचं असतं. वर एक आणि खाली एक असं राहता कामा नये. सगळं एकजीव. हे आयुष्यभर लक्षात ठेव."

धाकूनं आयुष्यभर लक्षात ठेवायचं ठरवलं. देवळामागचा माड मात्र आता बघण्यासारखा तरारलाय.

त्याच संध्याकाळी सरपंचांना कचेरीतून फोन आला. दसऱ्यानंतरच्या मंगळवारी साडेनऊला साहेब होडी तपासायला येणार. इंजिन चालू नसेल तर परवाना रद्द. परवाना नाही तर होडी नाही. मग सगळ्या गावानं पुलावरून जायचं.

"धाकू," सरपंच म्हणाले, "तुझं पोट आणि गावाची वाट, दोन्ही त्या दोरीला बांधलंय."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धाकूनं पत्र्याचा डबा उघडला. झाकण तो आठवड्यापूर्वी नीट लावायला विसरला होता. नीट लाव असं कोणी सांगितलं नव्हतं. तळाशी बोटभर पाणी बसलं होतं. धाकूनं स्वयंपाकघरातून डाव आणला आणि तळापासून ढवळलं. वर एक आणि खाली एक राहू दिलं नाही. सगळं एकजीव करून टाकीत ओतलं.

आरेकर बाई होडीत बसल्या. धाकूनं दोरी ओढली. इंजिन सुरू झालं. बाईंनी पर्स मांडीवर घेतली आणि गणिताचं पुस्तक उघडलं. खाडीच्या मध्यावर इंजिन खोकलं. दोनदा शिंकलं. आणि बंद पडलं. वल्ही धाकूनं घरीच ठेवली होती, आता इंजिन आहे म्हणून. ओहोटी लागली होती. होडी समुद्राकडे निघाली.

"धाकू, आपण कुठे चाललोय?"

"मला सांगितलेलं नाही, बाई."

अर्ध्या तासानं होडी कांदळवनात घुसून अडकली. बाई गुडघाभर चिखलातून काठाला आल्या. एक चप्पल खाडीत राहिली. बाईंचा आवाज एरवी चढत नसे. तेव्हाही चढला नाही. काठावर बसून त्यांनी धाकूला जवळ बोलावलं, वर्गात उभं करतात तसं.

"धाकू, हे ढवळायचं कोणी सांगितलं?"

"सरपंचांनी."

"आमटीबद्दल."

"आमटीबद्दल," धाकूनं कबूल केलं.

"इंजिनाबरोबर एक पुस्तिका आली असेल. ती काढ. इंजिनाला काय चालतं ते तिच्यात लिहिलेलं असतं. लिहिलंय तसंच करायचं. आणि एखादी गोष्ट कळली नाही तर विचारायची. मी मुलांना सांगते तेच तुला सांगते. लाजायचं नाही, घाबरायचं नाही, आणि उत्तर मिळेपर्यंत जागा सोडायची नाही."

हे धाकूला फार आवडलं. घरी जाऊन त्यानं पुस्तिका शोधली. ती देवघरात होती, इंजिन आणलं त्या दिवशी पूजा केलेली, हळद वाळलेली. बाईंनी ती वाचून दाखवली. नवव्या पानावर चौकटीत लिहिलं होतं: शंभरात दहा भागांपेक्षा जास्त मद्यार्क असलेलं पेट्रोल या इंजिनात वापरू नये.

"पंपावर शंभरात वीस असतं, असं लतीफभाई म्हणतात," धाकू म्हणाला.

"मग दहावालं कुठे मिळतं ते पंपावर विचार," बाई म्हणाल्या. त्यांना त्या दिवशी दुसरी चप्पल शोधायची होती.

सोमवारी लतीफभाईंनी इंजिन पुन्हा धुतलं, पेट्रोल सोडणारी बारीक तोटी बदलली, हात जोडले आणि सांगितलं, "आता फक्त ताजं पेट्रोल आण. दुसरं काही करू नकोस. कृपा कर."

धाकू डबा घेऊन एसटीनं नाक्यावरच्या पंपावर गेला. पंपावर शेवडे म्हणून गृहस्थ होते. अठ्ठावीस वर्षं तिथेच. त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं.

"डब्यात देत नाही. बंदी आहे. इंजिन ज्याच्यावर आहे ते घेऊन ये, टाकीत भरतो."

"ते होडीवर आहे."

"मग होडी आण." शेवड्यांच्या मागे रांग वाढत होती. "नियम म्हणजे नियम. गाडी पंपापाशी आली पाहिजे."

धाकूनं मान डोलावली.

मंगळवारी उजाडताच त्यानं चिरेखाणीची ट्रॉली मागून आणली. सहा माणसांनी होडी ट्रॉलीवर चढवली. होडी ट्रॉलीपेक्षा लांब होती, नाळ, म्हणजे तिचं पुढचं टोक, ट्रॅक्टरवाल्याच्या डोक्यावर आली. त्यानं तिला छत्रीसारखं मानून घेतलं. कुठे नेतोस असं कोणी धाकूला विचारलं नाही. धाकू काहीतरी कोणाच्या तरी सांगण्यावरून करतो आहे, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

साडेनऊला धक्क्यावर साहेबांनी फॉर्मवर लिहिलं: होडी जागेवर नाही. सरपंचांनी पेन धरलं, म्हणजे साहेबांचं पेन. तेवढ्यात सरपंचांच्या फोनवर शेवड्यांचा फोन आला.

"सरपंच, तुमच्या गावची होडी माझ्या पंपावर लागलीय."

"कुठे?"

"रिक्षाच्या मागे."

साहेब, सरपंच आणि बाई जीपनं नाक्यावर आले. तोवर धाकूचा नंबर लागला होता आणि टाकी भरूनही झाली होती. शेवड्यांनी पावतीवर वाहनाच्या जागी काय लिहावं म्हणून शेजारच्या हॉटेलवाल्याचा सल्ला घेतला होता.

साहेब होडीभोवती एक फेरी मारून आले. नोकरीत त्यांनी बुडालेल्या होड्या पाहिल्या होत्या, चोरीला गेलेल्या पाहिल्या होत्या. ही नवी होती.

"हिला इथे कोणी आणायला सांगितलं?"

"नियमानं," धाकू म्हणाला आणि पाटी दाखवली.

साहेबांनी पाटी वाचली. पुन्हा वाचली. पाटी बरोबर होती.

सरपंचांनी डोकं चालवलं. ट्रॉली रस्त्यापलीकडच्या वडाखाली नेली. पंक्चरवाल्याचं पाण्याचं पिंप उचलून इंजिनाखाली धरलं, पंखा त्यात बुडवला. "ओढ दोरी, धाकू."

धाकूनं ओढली. पहिल्या ओढीला इंजिन सुरू झालं. नाक्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांच्या पँटवर पिंपातलं पाणी उडालं, पण इंजिन चालू या रकान्यात त्यांनी 'होय' लिहिलं. सरपंच बाईंकडे बघून हसले. पहिला रकाना खोडून साहेबांनी 'होडी पंपावर आहे' असं केलं. एकेक करून रकाने भरत आले. शेवटी आला रकाना चौदा: इंधन उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे आहे काय.

"आहे ना?" साहेबांनी विचारलं.

आता ते विचारायची काही गरज नव्हती. धाकूनं कंबरेची पिशवी सोडली, हळद लागलेली पुस्तिका काढली आणि नववं पान उघडून साहेबांपुढे धरलं.

"यात दहा म्हटलंय. पंपावर वीस आहे. दहावालं कुठे मिळतं, साहेब?"

साहेबांनी पान वाचलं. "तो माझा विषय नाही. मी फक्त होय किंवा नाही लिहितो."

"मग काय लिहिता?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. धाकू शेवड्यांकडे गेला. शेवडे म्हणाले, "टँकरमधून येतं तेच मी देतो. टँकरला मी विचारत नाही."

"टँकर कोणाला विचारतो?"

"टँकर विचारत नाही."

लतीफभाईंना फोन लावला. ते म्हणाले, "मला माहीत असतं तर माझी शेड रिकामी नसती का?"

साहेबांनी रकाना चौदा तसाच ठेवला, वरिष्ठांकडे विचारणा करतो म्हणाले, आणि गेले. परवाना रद्द झाला नाही. मंजूरही झाला नाही. उत्तर आल्यावर बघू, असं ठरलं.

"चल," सरपंच म्हणाले. "होडी घे आणि घरी चल."

"उत्तर मिळालं नाही, सरपंच."

"मिळेल रे. घरी बसून मिळेल."

धाकूनं आरेकर बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान खाली घातली. त्यांना आपलं वाक्य आठवलं होतं. बाई जवळ गेल्या. "धाकू, तसं नव्हतं म्हणायचं मला."

"तसंच म्हणालात, बाई. उत्तर मिळेपर्यंत जागा सोडायची नाही." आणि तो ट्रॉलीवर चढून होडीत बसला.

सुगंधा आली, रडली, जेवणाचा डबा ठेवून गेली. डब्यात लोणचं नव्हतं. ट्रॅक्टरवाल्याला ट्रॉली हवी होती, म्हणून होडी उतरवून पंपाच्या कडेला, हवा भरायच्या यंत्राशेजारी ठेवली. तिसऱ्या दिवशी गवत कापायच्या यंत्रांचे अकरा मालक आपापली यंत्रं आणि आपापल्या पुस्तिका घेऊन तिथे आले. तोच प्रश्न त्यांचाही होता. ते होडीच्या मागे रांगेत बसले. मग फवारणीवाले चार आले. मंगल कार्यालयाचा जनरेटर बैलगाडीतून आला. शेवड्यांनी एक नवी पाटी लावली: चौकशीसाठी डावीकडे.

आरेकर बाई पहाटेची एसटी धरतात, पुलावरून वळसा घालतात. तरीही पहिला तास बुडतोच.

आज एकोणतिसावा दिवस आहे. धाकूच्या टाकीतलं पेट्रोल परवा महिन्याचं होईल, मग ते ओतून द्यावं लागेल. त्यानं तारीख होडीच्या फळीवर खडूनं लिहून ठेवली आहे. साहेबांची विचारणा वरिष्ठांकडे पोचल्याची पोचपावती सरपंचांकडे आली आहे, शिक्क्यासकट. नवव्या पानावर लिहिलेलं पेट्रोल कुठल्या पंपावर मिळतं, हे अजून कोणीही सांगितलेलं नाही.